सोर्स एक्स्ट्रॅक्टर वापरून पाहिलं : तारे मोजतं झकास, पण स्लाइड आपणच बघायची

पहिल्याच फेरीत सोर्स एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे आकाशाच्या फोटोतले ठिपके शोधून त्यांची यादी देणाऱ्या सॉफ्टवेअरने, मला ३८ हजारांच्या वर तारे मोजून दिले. फोटो होता कर्क राशीतल्या एम ६७ या तारकागुच्छाचा. फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपास बामणोलीच्या अलीकडे माझ्या आतेभावाच्या खळ्यातून काढलेला. २०० मिलिमीटरची सेकंडहँड लेन्स, आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर आणि एकेक मिनिटाचे ४० फोटो एकावर एक रचलेले. एवढ्या सामग्रीत, आकाशाच्या त्या भागात, ३८ हजार तारे येत नाहीत. आमच्या लॅबच्या सेल काउंटरवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनवर, असा आकडा आला असता तर मी आधी नळी नीट हलवून परत लावली असती.

हे मी का लिहितेय ते सांगते. सातारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं टेक्निशियन आहे. पेशी मोजणं हे पोटापाण्याचं काम, तारे बघणं हा नाद. दोन्हीकडे काळजी एकच, की मशीनने जे मोजलं ते खरंच तेच आहे का? जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनाने काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून ओळखताच येत नाही आणि धडधाकट माणसाचा काउंट फारच कमी, ४२ हजार येतो. नातेवाईक रडकुंडीला. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढून मायक्रोस्कोपखाली धरला की गठ्ठे दिसतात, मग निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घ्यायचं. मशीन खोटं बोललेलं नसतं, शेजारी बारीक अक्षरात फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची खूण, दिलेला असतो. तो वाचायचा राहतो, एवढंच. सोर्स एक्स्ट्रॅक्टरशी माझं सूत जुळलं ते याच कारणाने. हेही फ्लॅग देतं.

सॉफ्टवेअर जुनं आहे. एमॅन्युएल बर्तां आणि स्टेफान आर्नू या दोघांनी त्यावरचा लेख १९९६ साली प्रसिद्ध केला आणि आजही व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ ते रोज वापरतात. फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे. मूळ संक्षिप्त नाव असं आहे की चारचौघांत मोठ्याने घेता येत नाही. लिनक्सच्या उबुंटूमध्ये ते आता सरळ सोर्स-एक्स्ट्रॅक्टर या नावाने मिळतं, ते एक बरं झालं.

बसवणं सोपं, चालवणं नाही. खिडकी नाही, बटण नाही, फोटो दिसत नाही. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याने सुट्टीत येऊन जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलं. मी सवयीने माउस फिरवत बसले तर म्हणाला, "मावशी, टर्मिनल आहे हे. इथे टाइप करायचं आणि गप्प बसायचं." टाइप केलं. उत्तर आलं की डिफॉल्ट डॉट पॅराम सापडत नाही. ते आणून ठेवलं तर कॉनव्ह फाइल सापडत नाही. एकूण चार फाइली शेजारी लागतात : सेटिंगची, कोणते रकाने हवेत त्याची, फोटो किंचित गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरची आणि तारा-दीर्घिका ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कची. रकान्यांच्या यादीत तर सगळ्या ओळी बंद करून दिलेल्या असतात, हवी त्या ओळीपुढची फुली आपण पुसायची. हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. माझी एक संध्याकाळ आणि भाच्याची सुट्टी यात गेली. विंडोजवाल्यांना विंडोजच्या पोटात लिनक्स बसवून हेच सगळं करावं लागतं.

आता त्या ३८ हजारांकडे येते.

हे सॉफ्टवेअर तारा शोधत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. ते आधी पार्श्वभूमी ठरवतं : फोटोचे ६४ गुणिले ६४ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातलं रिकामं आकाश किती उजळ आहे आणि त्यात किती चढउतार आहे याचा अंदाज घ्यायचा. मग त्या चढउताराच्या, म्हणजे सिग्माच्या, अमुक पट वर उठलेले आणि एकमेकांना चिकटलेले अमुक पिक्सेल दिसले की ती एक नोंद. बस. तारा, दीर्घिका, विमानाची रेघ, खराब पिक्सेल, सगळ्यांना एकच न्याय.

उंबरठा जसा येतो तसा १.५ सिग्मा असतो. माझा फोटो २ कोटी ४० लाख पिक्सेलचा. साधं गणित करा. नुसता गोंगाट असलेल्या फोटोतसुद्धा सुमारे ६.७ टक्के पिक्सेल १.५ सिग्माच्या वर असणारच, म्हणजे १६ लाख. त्यातले काही नशिबाने शेजारीशेजारी येतात आणि तारा म्हणून यादीत बसतात. उंबरठा ३ वर नेला की नशिबाचे पिक्सेल उरतात ३२ हजारांच्या घरात, आणि ५ वर नेला तर अख्ख्या फोटोत सातआठ. शिवाय फोटो एकावर एक रचताना ते सरकवावे लागतात, त्यात शेजारच्या पिक्सेलांची सरमिसळ होते. मग गोंगाट पिक्सेलगणिक सुटा न राहता त्याच्या गुठळ्या होतात. चिकटलेले पाच पिक्सेल मागणाऱ्या सॉफ्टवेअरला अशी गुठळी म्हणजे पर्वणीच.

मी उंबरठा ४ केला, कमीत कमी पिक्सेल ५ ठेवले. यादी आली पावणेसहा हजारांची. जवळपास पोचलो, पण अजून काहीतरी खटकत होतं. एका पट्ट्यात नोंदी तिरक्या ओळीत उभ्या होत्या, सगळ्या एकाच कोनात. ती चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी. त्या रात्री थंडी होती, मी लेन्सवर झाकण लावून डार्क फोटो घ्यायचा कंटाळा केला. कॅमेऱ्याचे गरम पिक्सेल, म्हणजे उजेड नसतानाही उजळ दिसणारे, प्रत्येक फोटोत जागच्या जागी, आकाश मात्र हळूहळू सरकत गेलेलं. रचल्यावर प्रत्येक गरम पिक्सेलची तिरकी रांगोळी झाली. पुढच्या अमावास्येला डार्क घेतले, रांगोळी गेली.

जुळे तारे सुटे करण्याची याची पद्धत मला फार आवडली, आणि ती समजायला बामणोलीसारखं गाव नाही. कोयनेच्या धरणाचं पाणी, शिवसागर, तिथपर्यंत येतं. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं तेव्हा दोन टेकड्यांची टोकं दोन वेगळी बेटं दिसतात. मे महिन्यात पाणी उतरलं की मधला खडक उघडा पडतो आणि बेट एकच होतं. सोर्स एक्स्ट्रॅक्टर नेमकं हेच करतं. उंबरठ्यावर एकच दिसणाऱ्या ठिपक्यात ते पाणी ३२ पायऱ्यांनी चढवत नेतं आणि कुठल्या पायरीला त्याचे तुकडे पडतात ते बघतं. तुकडा सुटा मानायचा की नाही यालाही अट आहे : त्यात एकूण उजेडाचा निदान ०.००५ भाग, म्हणजे अर्धा टक्का हवा. नाहीतर तो गोंगाटाचा उंचवटा समजून परत मुख्य ताऱ्यात जमा.

ही अर्ध्या टक्क्याची अट एम ६७ सारख्या ठिकाणी जड जाते. तेजस्वी ताऱ्याला खेटून त्याच्या दोनशेव्या भागाहून मंद तारा असला की तो गिळला जातो. तपासण्यासाठी मी जे केलं त्याबद्दल घरचे अजून हसतात. लॅबमध्ये पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायला बटणांचा काउंटर असतो, दर पेशीला एक बटण, १०० झाल्या की टिंग वाजते. तो घरी आणला. फोटोच्या मधोमध ३०० गुणिले ३०० पिक्सेलचा चौकोन कापला, म्हणजे आकाशातला साधारण २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश), पूर्ण चंद्रही मावणार नाही एवढाच. तो स्क्रीनवर मोठा करून डोळ्यांनी मोजायला बसले. चौकोनाच्या रेघेवर बसलेल्या ताऱ्यांना पेशी मोजायच्या आखीव काचेचा, म्हणजे आमच्या नोयबाउअर चेंबरचा, नियम लावला : वरच्या आणि डावीकडच्या रेघेवरचे धरायचे, खालच्या आणि उजवीकडच्या सोडायचे. तीन वेळा मोजलं. १८७, १८४, १८७.

सॉफ्टवेअर म्हणत होतं १७१.

कुठले १६ राहिले ते एकेक करून शोधले. दोन होते गोंगाटाच्या काठावरचे, तिथे मी म्हणेन की मीच आशावादी. बाकीचे चौदाही तेजस्वी शेजाऱ्याने गिळलेले. अर्ध्या टक्क्याची अट दहापट सैल करून ०.०००५ केली तर आकडा १८९ झाला. आता दोन ताऱ्यांच्या जागी तीन झाले होते, चार ठिकाणी. म्हणजे खरी जुळी सुटली आणि एकटे काही उगाच फुटले. शेवटी ०.००१ वर थांबले. अचूक असा आकडा नाहीच इथे. कुठल्या बाजूला चुकायचं ते आपण ठरवायचं.

क्लास स्टार नावाचा एक रकाना आहे, त्याची जाहिरात फार ऐकली होती. प्रत्येक नोंदीला ० ते १ मधला आकडा, १ च्या जवळ म्हणजे तारा, ० च्या जवळ म्हणजे दीर्घिका किंवा काहीतरी पसरट. माझा अख्खा तारकागुच्छ त्याने शून्याच्या आसपास टाकला! पावणेसहा हजार दीर्घिका. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला, "मावशी, नोबेल घे आता." कारण साधं होतं. हे न्यूरल नेटवर्क ताऱ्याची रुंदी आपण सांगू त्यावर विसंबतं, आणि सेटिंगमध्ये ती १.२ विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), एक पिक्सेल म्हणजे एक विकला धरून, आधीच भरलेली असते. माझे तारे अडीच पिक्सेल रुंद. त्याच्या हिशोबी इतका गुबगुबीत तारा असूच शकत नाही. रुंदीच्या जागी २.५ लिहिलं आणि दीर्घिकांचे परत तारे झाले.

पण याच निमित्ताने रुंदीचा रकाना बघायची सवय लागली, आणि तो सगळ्यात कामाचा निघाला. तारे इतके लांब आहेत की ते बिंदूच. फोटोत त्यांना जी रुंदी येते ती लेन्सची, हवेची आणि ट्रॅकरच्या हिसक्यांची. म्हणून एका फोटोतले सगळे तारे, मंद असोत की तेजस्वी, जवळपास सारखेच रुंद असायला हवेत. प्रत (ताऱ्याच्या तेजाचं माप) आडवी आणि रुंदी उभी घेऊन आलेख काढला की ताऱ्यांचा आडवा पट्टा उठून दिसतो. पट्ट्याच्या खाली राहिलेले ते गरम पिक्सेल, वर पसरलेले ते दीर्घिका, जोडलेले तारे किंवा कचरा. मला क्लास स्टारपेक्षा हा आलेख जास्त खात्रीचा वाटतो. लांबुडकेपणाचा रकाना तारा गोल आहे की अंडाकृती ते सांगतो. त्यात उजव्या वरच्या कोपऱ्यातलेच तेवढे तारे १.४ च्या पुढे निघाले, बाकी तीन कोपरे ठीक. म्हणजे माझ्या लेन्समधली काच कुठेतरी कललेली आहे. विकणारा म्हणाला होता, "ताई, नवीनच समजा."

फ्लॅग्जचा रकाना आकड्यांच्या बेरजेचा. १ म्हणजे शेजाऱ्याचा उजेड मिसळलाय, २ म्हणजे जोडलेल्यातून सुटा केलाय, ४ म्हणजे निदान एक पिक्सेल उजेडाने भरून वाहिलाय, ८ म्हणजे फोटोच्या कडेला कापला गेलाय. रकान्यात ३ दिसलं की पहिले दोन्ही. इथे मला एक खड्डा सापडला, तो सांगतेच, कारण आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक माझ्यासारखेच सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो रचतात. एम ६७ पासून पावणेदोन अंशांवर अॅक्युबेन्स आहे, कर्केतला आल्फा, सव्वाचार प्रतीचा. माझ्या फोटोत तो पांढराफटक जळालेला. आणि त्याच्यापुढे ४ चा फ्लॅग नाही! सॉफ्टवेअर ५०,००० च्या पुढच्या पिक्सेलला भरलेला समजतं, आणि सिरिल ३२ बिटमध्ये फाइल देताना सगळे आकडे ० ते १ मध्ये बसवतं. ५०,००० कधी येणारच नाही. तिथे ०.९ लिहिलं, अॅक्युबेन्सला ४ लागला, आणि ज्यांच्या प्रती मी मोठ्या विश्वासाने वहीत उतरवल्या होत्या अशा आणखी काही ताऱ्यांनाही लागला. वहीतलं पान फाडलं. फाइल एकरंगी लागते, म्हणून सिरिलमध्येच हिरवा चॅनेल वेगळा काढून घ्यायचा, हेही जाता जाता.

मृगातल्या तेजोमेघावर हे चालवायच्या फंदात पडू नका. पडलात तर अपेक्षा ठेवू नका. मेघाच्या मध्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे एकमेकांपासून ९ ते २१ विकलांवर, आणि माझा एक पिक्सेलच ४ विकलांचा, तेव्हा ते एक गोळा दिसणार हे कबूल. पण मेघाचे धागेदोरे, काठ, गाठी हे सगळं तारे म्हणून यादीत आलं. पार्श्वभूमीचा चौकोन लहान केला तर मेघच पार्श्वभूमीत गेला आणि त्याच्यासोबत मंद तारेही. याची एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी : सांगितलं तर सॉफ्टवेअर त्याने धरलेल्या पार्श्वभूमीचा वेगळा फोटो काढून देतं. तो उघडला की त्याची गफलत कुठे झाली ते डोळ्यांनी दिसतं. आमचा काउंटर पेशींचे आलेख कागदावर काढून देतो, तसंच. आकडा देऊन मोकळं होणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा हे मला कधीही चालेल.

गोलाकार तारकागुच्छात तर ते सपशेल आपटतं. शौरीतला एम १३ घेतला होता. कडेचे तारे दिले, मधल्या गर्दीत पाणी ३२ काय ३२० पायऱ्या चढवलं तरी बेटं सुटत नाहीत. मुळात ते दीर्घिकांच्या सर्वेक्षणांसाठी, मोकळ्या आकाशासाठी रचलेलं आहे. गर्दीसाठी वेगळी जात आहे : कॅनडातल्या डोमिनियन वेधशाळेतल्या पीटर स्टेटसन यांचं डाओफोट, १९८७ सालच्या लेखातलं. ते ताऱ्याच्या आकाराचा नमुना बनवून तेजस्वी तारे फोटोतून वजा करत जातं आणि खाली दडलेले बाहेर काढतं. त्यातला शोधायचा भाग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फोटयुटिल्स नावाच्या संचात मिळतो. तो भाच्याने मला चालवून दाखवला, टोकदारपणा आणि गोलाई अशा दोन चाळण्या लावून गरम पिक्सेल त्याने छान गाळले. पण पायथन लिहायला हवं, आणि माझं गाडं तिथे अडतं.

ज्यांना फक्त फोटोवर ताऱ्यांभोवती वर्तुळं बघायची आहेत, फोकस तपासायचाय, त्यांना सिरिलच्या आतलाच तारे शोधायचा भाग पुरे. दिसतो, कळतो, माउस चालतो. आकाशातली जागा ओळखायला अॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर फोटो चढवा, ते चारचार ताऱ्यांच्या आकृत्या जुळवून जागा सांगतं. त्यावरून अॅलाडिन या आकाशाचे नकाशे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझी यादी गाया या ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या उपग्रहाच्या यादीवर ठेवून पाहिली. चौकोनातल्या १८७ पैकी माझे ते दोन आशावादी तारे गायाकडे आहेत! दोन्ही. त्या दिवशी ऑफिसात मी उगाच खुशीत होते.

सोर्स एक्स्ट्रॅक्टर घ्यावं कुणी? ज्याला बदलत्या ताऱ्यांच्या प्रती मोजायच्या आहेत, दर अमावास्येचा फोटो त्याच सेटिंगने मोजून वहीत मांडायचा आहे, त्याने जरूर. एकदा सेटिंगची फाइल जमली की पुढचा फोटो माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत मोजून होतो आणि कंटाळत नाही. ज्याला पहिल्या दिवशी उत्तर हवं आहे त्याने नको. आणि येतं त्या सेटिंगवर निघालेला आकडा कुणी छातीठोक सांगितला, की इतके तारे सापडले, तर त्याला उंबरठा विचारा.

डाओफोट मे महिन्यात भाचा आला की बसवायचं ठरलंय, तेव्हा एम १३ पण चांगला वर असेल. काउंटर तोवर घरी राहिला असता तर बरं होतं, पण लॅबमध्ये मॅडमनी दोनदा विचारलंय, उद्या नेऊन ठेवते.